शेपटीवरचा माणूस

१

तेवीस किलोमीटर. एकूण चढ सहाशे वीस मीटर. जिथून निघायचं तिथेच परत यायचं. अवघडपणा: मध्यम.

आमच्या चुनचोन शहराच्या सायकल मंडळात रूट आखायचं काम माझ्याकडे असतं. बाकीच्यांकडे उत्साह आहे, माझ्याकडे तक्ते करायची हौस. 'मध्यम' हा शब्द मी विचार करून लिहितो. 'सोपा' लिहिलं की लोक पाणी आणत नाहीत. 'अवघड' लिहिलं की आमच्या कू आडनावाच्या अध्यक्षांना बायको घरातून सोडत नाही. मध्यम म्हणजे दमाल, पण घरी याल.

रस्ता मागूबोंग डोंगराच्या जंगलातला, कच्चा. तारीख एकतीस ऑक्टोबर, रविवार. दुसऱ्या दिवसापासून वणव्याच्या भीतीने तो रस्ता बंद होणार होता, थेट पंधरा डिसेंबरपर्यंत. म्हणजे वर्षातला शेवटचा चान्स. मी धरून सहा जण तयार झाले. सातवी नूना, म्हणजे माझी मोठी बहीण सेरान.

नूना पोरांना गाणं शिकवायची. एप्रिलमध्ये तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, थायरॉइडचं, आणि आवाज बसला तो बसलाच. वाळूतून चाक नेल्यासारखा यायचा. क्लास सुटला. गळ्यावरचा व्रण झाकायला ती मोहरीच्या फुलाच्या रंगाचा स्कार्फ बांधायची आणि दिवसभर खिडकीत बसायची. डॉक्टर म्हणाले होते, बाहेर काढा हिला. आवाज येईल कदाचित. त्या 'कदाचित'वर आई सहा महिने जगत होती.

नूना म्हणाली, "मी शेवटी राहणार रे, दामुल. आणि शेवटी राहायला मला भीती वाटते. मागे कोणी नसतं ना."

मी म्हटलं, मागे शेपूट असतं.

शेपूट म्हणजे मंडळाने नेमलेला शेवटचा माणूस. सगळ्यात हळू जो असेल त्याच्या मागे शेपटाने राहायचं. तो थांबला की थांबायचं, त्याला ओलांडून पुढे जायचं नाही, घाई करायची नाही, आणि शेवटचा माणूस घरी पोचेपर्यंत आपलं काम संपलं असं म्हणायचं नाही. हे काम कोणालाच नको असतं. या वेळी माझी पाळी होती, पण माझा उजवा गुडघा सैन्यात असताना मोडलेला आहे. निळा पट्टा बांधल्याशिवाय मी साधे जिनेही चढत नाही.

दुसरी अडचण कोंबडीची. डोंगराच्या पायथ्याशी एक मावशी अख्खी कोंबडी उकडून देते, एका कोंबडीत चार माणसं. सात माणसं सांगितली तर म्हणाली, आठ आणा नाहीतर चार आणा, कोंबडीला मी पाऊण कापत नाही.

म्हणून मी आठवा माणूस तयार केला.

नाव मेंग दुशिक. वय बावन्न, स्वभाव शांत, नुकताच या भागात राहायला आलेला. माझ्या जुन्या फोनवरून त्याचं खातं उघडलं. फोटोसाठी खुंटीवर माझं जुनं करडं जाकीट अडकवलं, वर हेल्मेट ठेवलं आणि मागून फोटो काढला. कोपरावरचा डिंकाचा डागसुद्धा छान आला. मग त्याला मंडळाच्या ग्रुपमध्ये घेतलं आणि प्लॅनमध्ये लिहिलं: शेपूट, मेंग दुशिक.

अध्यक्षांनी लगेच लिहिलं, आल्या आल्या शेपूट व्हायला तयार झाले, माणूस संस्कारी दिसतो.

मी जुना फोन बंद केला आणि मोज्यांच्या खणात टाकला. गंमत फाटकापाशी फोडायची असं ठरवलं होतं. माझ्या गमती मंडळाला नव्या नाहीत. गेल्या वर्षी मी प्लॅनमध्ये 'अस्वल दर्शन, दहा मिनिटं' असा थांबा टाकला होता. सायकल दुकानवाला नामगुंग त्यासाठी हातभर लांब लेन्स घेऊन आला. तो अजून माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलत नाही.

ग्रुपमध्ये मेसेज टाकला की शेजारी एक बारका पिवळा आकडा दिसतो. किती जणांनी अजून वाचलं नाही, ते. आम्ही आता आठ जण होतो, त्यामुळे माझ्या प्लॅनशेजारी आधी सात आले, मग सहा, पाच. झोपताना एक उरला होता. तो मेंगसाहेबांचा. तो राहणारच होता, त्यांचा फोन माझ्या मोज्यांत होता.

सकाळी दात घासताना बघितलं. आकडा गेला होता.

खण उघडला. फोन बंद. बटण दाबून धरलं, बॅटरीसुद्धा संपलेली. रात्री ती जाण्याआधी फोन आपोआप चालू झाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. जुने फोन करतात असं काहीतरी. मग तोंड धुतलं.

२

फाटकापाशी लाल टोपीतले आजोबा बसले होते. वणव्याच्या दिवसांत हे काम म्हाताऱ्यांना मिळतं. लायटर काढून घ्यायचे, आत जाणाऱ्यांची नावं वहीत लिहायची, बाहेर आले की खोडायची. आजोबांनी नामगुंगचे दोन लायटर घेतले आणि माझ्याकडे हात केला. मी छापलेला प्लॅन दिला.

त्यांनी त्यावरून नावं उतरवली. आठ.

आता सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण अध्यक्षांनी विचारलं, मेंगसाहेब कुठे आहेत, आणि मी उत्तर द्यायच्या आत नूनाने माझ्याकडे बघितलं. पहाटेपासून तिची बोटं स्कार्फशी चाळा करत होती. मी म्हटलं, ते जरा उशिरा येतायत. मागून गाठतील. शेपूटच आहे, मागूनच यायचंय त्यांना.

सगळे हसले. नूनाची बोटं थांबली.

"म्हणजे माझ्या मागे असतील ना ते?" ती म्हणाली.

"तुझ्याच मागे."

"मग मला भीती नाही."

तिला तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, हे मला कळतं. पण सहा महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती, आणि ते एका जाकिटामुळे होतं हे सांगायला माझी जीभ वळेना.

३

सहाव्या किलोमीटरवर झरा आहे. दगडी डोणीत पाणी पडतं, शेजारी प्लॅस्टिकचे वाडगे टांगलेले. दहा वाजले होते. लार्चची झाडं पिवळी झालेली, वारा आला की सुया पावसासारख्या गळायच्या. रस्त्यावर त्यांचा जाड थर, त्यामुळे चाकांचा आवाज येत नव्हता.

थांबलं की मोजणी. आमच्या कोरियात प्रत्येक बाप्या सैन्यात दिवस काढून आलेला असतो, त्यामुळे चार माणसं जमली की मोजणी होतेच. एकापाठोपाठ एक आपला आकडा ओरडायचा आणि शेवटच्याने पुढे 'संपलं' जोडायचं. अध्यक्षांना हे फार आवडतं.

एक. दोन. तीन. चार. पाच. मी सहा.

"सात," नूना म्हणाली, त्या खरबरीत आवाजात. आणि मागे बघायला लागली.

अध्यक्ष 'संपलं'ची वाट बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, संपलं ना?

नूना म्हणाली की नाही, मेंगसाहेब आहेत. त्या वळणाशी थांबलेत. ती थांबली की ते थांबतात, जवळ येत नाहीत. फार सभ्य आहेत. त्यांच्या सायकलची टिकटिक ऐकू येते नुसती.

मला वाटलं, तिने ओळखलं. माझीच बहीण, माझ्या गमतीत सामील झाली. मला इतका आनंद झाला की मी वळणाकडे बघून हातसुद्धा केला. नामगुंग म्हणाला, "मेंगसाहेब पण अस्वल बघायला आलेत वाटतं."

त्याचं हे वर्षातलं पहिलं पूर्ण वाक्य.

४

खिंड अकराव्या किलोमीटरवर. तिथे लाकडी मंडप आहे, चार खांब आणि छप्पर. किंबापचे, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या भाताचे, रोल उघडले, थर्मासमधली कॉफी फिरली. मी गुडघ्याचा पट्टा घट्ट केला आणि नूनाशेजारी बसलो. हळूच म्हटलं, नूना, कमाल करतेस, अध्यक्षांना सगळं खरं वाटलं.

"काय खरं वाटलं?"

"मेंगसाहेब."

ती चावायची थांबली. तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. आमच्या घरात थट्टा करताना तिच्या डाव्या भुवईला राहवत नाही, ती वर जातेच. भुवई जागेवर होती.

ती म्हणाली, शेवटच्या चढाला तिला रडू येत होतं, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. सावकाश, म्हणाले. सावकाश. अजून खूप वेळ आहे.

मी हातातला रोल ठेवला आणि लघवीला जातो असं सांगून रस्त्याने मागे चालत गेलो. दोनशे पावलं. मनात हिशेब चालू होता. कोणीतरी दुसरा सायकलवाला असेल. शेवटचा दिवस, लोक येतातच. नूनाला तोच वाटला असेल. आजोबांना विचारलं की कळेल. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

वळणापलीकडे, पिवळ्या झाडांत, कोणीतरी सायकल टेकून उभं होतं. पाठमोरं. करडं जाकीट, वर हेल्मेट. कोपरावर डाग.

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. फक्त जाकिटाचे खांदे माणसाचे असतात तसे उतरते नव्हते. मानेमागचा कपडा टोकाशी वर ओढला गेला होता. खुंटीला अडकवल्यावर ओढला जातो, तसा.

वारा नव्हता. तरी बाह्या किंचित हलत होत्या.

मी पळालो नाही. पाठ न फिरवता वळणापर्यंत गेलो आणि मग पळालो. गुडघा किती दुखला ते आठवतं, कारण त्यानंतर त्याने मला कधी त्रास दिला नाही.

मंडपात अध्यक्षांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. खातं माझं, फोटो माझा, माणूसच नाही. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, ते मला झऱ्यापासूनच माहीत आहे, पण पोरगी खुश आहे, चालू दे. मी म्हटलं, पण तिथे कोणीतरी आहे. ते म्हणाले, आता पुरे हं, दामुल.

म्हणून मी नूनाला म्हटलं, उतारावर तू माझ्या पुढे. आता शेपूट मी.

"आणि मेंगसाहेब?"

"त्यांना मी सुट्टी दिली."

५

उतार पाइनच्या रानातून आहे. दाट, दुपारी बारालाही अंधारलेलं. पाच जण पुढे निघून गेले. मग नूना, ब्रेक दाबत दाबत, आणि तिच्या मागे मी, दहा हातांवर. तिच्या स्कार्फचं टोक उडत होतं. मी फक्त त्या टोकाकडे बघायचं ठरवलं.

टिकटिक सुरू झाली तेव्हा वाटलं, माझीच.

पेडल न मारता सायकल सोडली की मागच्या चाकातलं फ्रीव्हील वाजतं. पेडल मारलं की गप्प होतं. मी पेडल मारलं. माझं गप्प झालं.

टिकटिक चालू होती.

नूनाच्या चाकाची असेल. पण नूनाने तेव्हा ब्रेक दाबून सायकल जवळजवळ उभी केली होती. प्रतिध्वनी असेल. झाडांत येत नाही तो, हे मला माहीत होतं, तरी मी म्हटलं, असेल. मान वळवली नाही. आवाज दहा हातांवर होता, मग पाच. मग अगदी उजव्या कानाशी, आणि त्यात कोणीतरी शांतपणे म्हणालं, "सावकाश. सावकाश."

मी नूनाला ओलांडून पुढे गेलो.

इतकंच. तीन सेकंद लागले असतील. सुया उडाल्या, हँडल तिच्या हाताला घासलं. तिचा खरबरीत आवाज ऐकला.

"दामुल, मी शेवटी राहिले ना."

वळणावर एकदा मागे बघितलं. ती थांबली होती. माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या मागे बघत होती. आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. कोणीतरी आपलं माणूस थांबलं की होतं ना, तसं.

मी थांबलो नाही.

६

फाटकापाशी पोचलो तेव्हा पुढचे पाच जण बूट काढून बसले होते. नूना किती मागे, असं अध्यक्षांनी विचारलं. येतेय, म्हटलं. तक्त्याप्रमाणे तिला पंचवीस मिनिटं लागायला हवी होती. मी मनाशी ठरवलं, पाच मिनिटं श्वास घेतो, मग परत जातो. खरंच ठरवलं होतं.

ती चार मिनिटांत आली. ताठ बसून, हात मोकळे सोडून, हसत. गाल लाल.

अध्यक्षांनी मोजणी लावली. एक ते पाच. मी सहा.

"सात. संपलं."

स्वच्छ आवाज. सात मुलांच्या बेसूर कोरसमधून वेगळा ऐकू यायचा तो, एप्रिलच्या आधीचा. सगळे टाळ्या वाजवायला लागले. तिने स्वतःच गळ्याला हात लावला. म्हणाली, उतारावर ओरडले, तेव्हा काहीतरी सुटल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले होतेच. मी तिला मिठी मारली. ती गरम होती, घामाचा वास होता, सगळं बरोबर होतं. स्कार्फ नव्हता. फांदीला अडकला, म्हणाली.

आजोबा वही घेऊन उभे होते. सात नावं खोडली आणि आठव्यावर पेन ठेवून थांबले. मेंग दुशिक?

मला तिथून निघायचं होतं. मी म्हटलं, ते दुसऱ्या वाटेने उतरले, खोडून टाका. आजोबांनी दोनदा विचारलं. उद्यापासून हे बंद, म्हणाले, दीड महिना आत चिटपाखरू नको. सगळे बाहेर आले असं लिहून दे. मी लिहून दिलं. आठ आत, आठ बाहेर, आणि खाली सही. त्यांनी दांडा पाडला, कुलूप लावलं.

मावशीकडे आठ वाडगे मांडले होते. आठव्यातलं नूनाने खाल्लं.

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. सायकली खांद्यावर घेऊन आम्ही नऊ मजले चढलो, शीळ घालत. आईने दार उघडलं, आणि नूनाने नुसतं "आई, भूक लागलीय" म्हटलं. आई दारातच खाली बसली आणि रडली.

मंडळात घरी पोचलं की ग्रुपवर कळवायचं असतं. एकेकाने लिहिलं. पोचलो. पोचलो. नूनाने लिहिलं, पोचले, सोबत फूल. सात झाले.

मग मेंग दुशिक यांनी लिहिलं.

'मागे अजून माणसं आहेत. दमली आहेत, बसलो आहोत. घाई नाही.'

नामगुंगने हसणारी अकरा तोंडं पाठवली. अध्यक्षांनी लिहिलं, दामुल, बस झालं आता. मी मोज्यांचा खण उघडला. फोन होता तिथेच, थंड, बंद. मी तो फरशीवर आपटून फोडला आणि तुकडे खाली नेऊन टाकले.

७

मेसेज येत राहिले. तीन-चार दिवसांनी एखादा. 'आज पंधराव्या किलोमीटरपर्यंत.' 'पाऊस होता, मंडपात परत आलो.' मंडळातले कंटाळले आणि त्यांनी मला नीट तंबी दिली. मी शपथ घेतली की हे मी लिहीत नाही. नामगुंग म्हणाला, अस्वलाच्या वेळीही हेच म्हणाला होतास.

बाविसाव्या दिवशी फाटकावरच्या पाटीतला नंबर लावला. आजोबांनी उचलला. मी विचारलं, आत कोणी आहे का हो.

"नाही," ते म्हणाले. "आठ आत, आठ बाहेर. तुझीच सही आहे."

"पण दिसलं का कोणी?"

"संध्याकाळी येऊन उभे राहतात फाटकापाशी. मी त्यांना वही दाखवली. म्हटलं, यात तुम्ही बाहेर गेलेले आहात. समजूतदार आहेत, परत जातात."

मी विचारलं, किती जण आहेत. पण त्यांनी चहा उतू जातोय म्हणून फोन ठेवला.

शेजारच्या खोलीत नूना गात होती. तिचा क्लास परत सुरू झाला होता. आईचं चार किलो वजन वाढलं होतं. मी तिला रोज निरखायचो आणि काही सापडायचं नाही. माझं सफरचंद ती तशीच सोलायची, एका सालीत. थट्टा केली की भुवई वर जायची. एकदा तर ती उजवी होती असं वाटलं, पण मी तिच्यासमोर बसलो होतो की आरशात बघत होतो, ते मला सांगता येणार नाही.

काल, चौदा डिसेंबरला, आवाजातला मेसेज आला. वारा. टिकटिक. मग वाळूतून चाक नेल्यासारखा आवाज.

"आईला सांगा, मी बरी आहे. माझ्या मागे कोणीतरी आहे."

मी तो एकवीस वेळा ऐकला. मग तक्ता उघडला. मला काय करायचं ते स्पष्ट होतं. वहीत नाव असल्याशिवाय बाहेर येता येत नाही, म्हणून आधी आत जायला हवं. सोळा तारखेला रस्ता उघडतो. आत दोघं, मी आणि ही. बाहेर दोघं, मी आणि ती. तेवीस किलोमीटर. पाइनच्या रानात शेपूट मी. या वेळी ओलांडायचं नाही. मी रात्रभर बसून चांगला प्लॅन केला. आईला काय सांगायचं तेवढा रकाना रिकामा ठेवला.

आज सकाळी फोटो आला.

नूना दगडावर बसलीय, पाठमोरी, मोहरी रंगाचा स्कार्फ. स्कार्फचं टोक दोऱ्यांपर्यंत उसवलंय. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, एक माणूस. डोकं फोटोत आलेलं नाही. एक पाय पुढे ताणून बसलाय, दुखत असल्यासारखा. गुडघ्यावर निळा पट्टा.

उजव्या.

मी माझी बॅग उलटी केली. मग कपाट, मग बाथरूम, मग सायकलची पिशवी. पट्टा नव्हता. कधी सोडला ते आठवेना. खिंडीत घट्ट केलेला आठवत होता. लिफ्ट अजून बंदच आहे. दीड महिना मी नऊ मजले दोन-दोन पायऱ्या घेत चढतोय, आणि ही गोष्ट आज पहिल्यांदा माझ्या लक्षात आली.

मी खाली बसून उजवा पाय ताणला, दाबला, मुडपला. काही नाही. मोडलेल्या जागी जी गाठ होती तीही नाही.

तीन सेकंद. कोणीतरी पुढे निघून गेलं होतं, आणि कोणीतरी तिच्यासाठी थांबलं होतं. म्हणून तिच्या चेहऱ्यावर सुटका होती.

तेव्हापासून मी या तक्त्यासमोर बसलोय. आत दोघं, बाहेर दोघं. हिशेब अजूनही बरोबर येतो. फक्त मी कुठल्या रकान्यात आहे ते मला आता दिसतं.

दारात नूना आली. हातात सफरचंदाची बशी. तिने स्क्रीनकडे बघितलं, सगळं सावकाश वाचलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कशाला जायचं?" ती म्हणाली, त्या स्वच्छ आवाजात. "आपण आलोय ना घरी."

स्वयंपाकघरात आई तिचं गाणं गुणगुणत होती, बेसूर.

मी 'मध्यम' खोडलं आणि तिथे 'रद्द' लिहिलं. ग्रुपवर पाठवलं. शेजारी सात आलं. सहा, पाच. चार, तीन. नूनाने स्वतःचा फोन उघडला, तशी संख्या कमी झाली. एक उरला. सफरचंद संपेपर्यंत एकच होता.

मग तो गेला, आणि उत्तर आलं.

'ठीक आहे. त्यांना सांगितलं. आम्ही थांबतो. घाई नाही.'